बैल किती लांब आहे

देवणीच्या शाळेतील आमच्या इंग्रजीच्या सरांची डाव्या डोळ्याची नजर तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, दहावीचे पेपर तपासून झाल्यावर, पूर्ण गेली. निदान काचबिंदूचे होते. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. विद्यार्थी त्यांना लांबसर म्हणत. त्यांची उंची जेमतेम पाच फूट होती. नाव पडले होते ते त्यांच्या एका प्रश्नावरून.

कोणतीही अडचण सांगितली की ते आधी विचारत, "किती लांब आहे?" परीक्षा असो, ताप असो की शाळेची तपासणी, याचे उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढे बोलत नसत. हा प्रश्न क्रियापदांच्या तासातून आला होता. आमच्या गाइडमध्ये पाच इंग्रजी क्रियापदांपुढे 'टाळणे' हा एकच अर्थ छापलेला होता. सरांनी तो पाचही ठिकाणी पेन्सिलीने खोडायला लावला आणि दारापासून फळ्यापर्यंत फरशीवर खडूची रेघ ओढली. दारात बैल आहे असे समजायचे होते. देवणी हे बैलांच्या जातीसाठी प्रसिद्ध गाव असल्यामुळे बैल कसा दिसतो हे सांगावे लागले नाही.

"गोठ्यातच बांधून ठेवला, तर प्रिव्हेंट," सर रेघेवरून चालत सांगत होते. "सुटला, तुमच्याकडं निघाला, अन् तुम्ही वाटेतच वळवला, तर अव्हर्ट. अंगावर आला अन् काठीनं हटवला, तर वॉर्ड ऑफ. यायचा तर आहेच, पण पेंड टाकून घडीभर थोपवला, तर स्टेव्ह ऑफ." मग ते रेघ सोडून भिंतीला चिकटून उभे राहिले. "अन् तुम्ही बोळात शिरलात, तर अव्हॉइड. ह्यात बैलाला काहीच झालं नाही. तो अजून रस्त्यावरच आहे."

पाचवे क्रियापद त्यांना आवडत नसे. निबंधात ते जास्त वेळा आले तर वहीच्या कडेला लाल शाईत 'बोळ' असा शेरा येई.

नजर जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी, आमच्या दहावीच्या वर्षी, सरांच्या डाव्या हाताच्या रांगेतून एक तक्रार झाली. शाहीन नावाच्या मुलीने सरांनाच सांगितले, "सर, आमी हात वर करतो, तुमी बघतच न्हाई. आमच्या रांगेवर काही राग हाय का?" सरांनी पूर्ण मान वळवून तिच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे टेबल फळ्यासमोरून हलून त्याच डाव्या बाजूच्या कोपऱ्यात गेले होते. तिथून सगळा वर्ग त्यांच्या उजव्या हाताला येत होता. शाहीनचा हात त्यांना दिसू लागला. तक्रार मिटली, असे आम्ही धरून चाललो. निवृत्त होईपर्यंत ते टेबल त्याच कोपऱ्यात राहिले.

त्या काळात उदगीरला डोळ्यांचे एक शिबिर झाले होते. तिथे त्यांना लातूरला जाऊन डोळ्याचा दाब मोजून घ्या, असे लिहून दिले होते. बोर्डाची परीक्षा होऊ द्या, असे ते म्हणाले. परीक्षा दरवर्षीच होती.

नजर गेल्यावर मात्र त्यांनी काही लपवले नाही. भेटायला गेलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना टेबलाची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. "मान वळवायला नको म्हणून मी टेबल हलवलं. बोळातच शिरलो की," ते म्हणाले. मग त्यांनी लगेच लातूरच्या डॉक्टरांशी झालेले बोलणे सांगायला घेतले.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासाठी थेंब लिहून दिले होते. सरांनी विचारले, हे थेंब नेमके काय करतात? डॉक्टर आधी गोंधळले, मग म्हणाले, थोपवतात. किती दिवस, ते सांगता येत नाही, असेही म्हणाले. सरांनी खिशातल्या वहीत चौथे क्रियापद, स्टेव्ह ऑफ, लिहून घेतले. सर उठले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा आजार एका रक्तात चालतो. भाऊ, बहीण, मुले यांचे डोळे आताच तपासून घ्या, वेळेत कळले तर त्यांची नजर राखता येईल. सर पुन्हा खाली बसले आणि त्यांनी पहिले क्रियापद, प्रिव्हेंट, लिहिले.

त्याच आठवड्यात सरांच्या मुलीचे डोळे तपासून झाले. धर्माबादला दिलेली बहीणही येऊन गेली. दोघींचा दाब ठीक होता. राहिले धाकटे भाऊ दिगंबर. ते देवणीजवळच्या खेड्यात शेती पाहतात आणि बैल पाळतात. पहिल्यांदा त्यांनी पेरणी सांगितली, दुसऱ्यांदा गाय व्यायला आली असे सांगितले. तिसऱ्यांदा सर स्वतः गेले, तर ते बाजारला गेलेले होते. चौथ्यांदा गोठ्यात गाठ पडली. दिगंबर म्हणाले, "तुमचं डोळं पुस्तकानं गेलं, दादा. म्या कुठं काय वाचायलो? बैल तर मला शिवेवरून ओळखू येतो." सरांनी सांगितले की समोरचे शेवटपर्यंत दिसते, आधी कडेचे जाते. दिगंबर यांनी वैरण टाकायला घेतली.

पुढच्या माघात दिगंबर यांच्या नातवाचे जावळ ठरले. शेतातल्या देवापाशी बोकडाचे जेवण आणि सगळी भावकी. सरांनी लातूरला फोन केला. शाहीन आता तिथल्या एका नेत्र रुग्णालयात डोळे तपासण्याचे काम करते. रुग्णालयाची परवानगी काढून ती दाब मोजायचे हातात मावणारे यंत्र घेऊन आली आणि आंब्याखाली खुर्ची टाकून बसली. मामाच्या मांडीवर बाळाचे केस उतरले. तोवर भावकीतल्या बहुतेकांचे डोळे तपासून झाले. दिगंबर चुलीकडे होते.

पाने वाढली गेली. घरातले थोरले माणूस पानावर बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही, हा त्या घरचा रिवाज आहे. थोरले सरच होते. ते आपल्या पानापाशी उभे राहिले.

"बसा की दादा," दिगंबर म्हणाले.

"तुझे डोळे झाले की बसतो."

"जेवल्यावर दाखवतो."

"जेवल्यावर तू दिसणार नाहीस."

लोक हसले, पण कोणी घास उचलला नाही. रस्सा निवत चालला. पाहुण्यांतले एक वृद्ध म्हणाले की हा मास्तर शाळेतही असाच होता. सर उभेच राहिले. शेवटी दिगंबर यांच्या पत्नी वाढपाचे भांडे खाली ठेवून म्हणाल्या, "जावा की आता. पाव्हणे उपाशी बसलेत." दिगंबर टोपी काढून आंब्याखाली गेले.

शाहीनने दोन्ही डोळ्यांचा दाब तीन-तीन वेळा मोजला. मग ती सरांना म्हणाली, "सर, काकांना उद्याच घेऊन या. उशीर नको." सर पानावर बसले. पंगत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी लातूरला दिगंबर यांच्या नजरेचा नकाशा काढला गेला. दोन्ही डोळ्यांत कडेचा थोडा भाग काळा होता, मधला पूर्ण शाबूत होता. त्यांनाही थेंब सुरू झाले. परतताना जीप उदगीरला आली. तेव्हा दिगंबर म्हणाले, "दादा, औंदा जू दोनदा लागलं कपाळाला. मला वाटलं, बैलच मान हलवायलाय." सर म्हणाले, "आता थेंब घालायची वेळ चुकवू नको."

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. ते रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सातला थेंबांची आठवण द्यायला भावाला फोन करतात. सुरुवातीला दिगंबर फोन उचलत नसत, तेव्हा सर त्यांच्या पत्नीला लावत. आता पहिल्या रिंगला उचलला जातो.

गेल्या महिन्यात दोघे तपासणीला एकत्र गेले. दिगंबर यांचा नकाशा पहिल्या दिवशी होता तसाच आला. सरांच्या उजव्या डोळ्याच्या नकाशावर काळा भाग वाढलेला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आणि सरांनी लगेच होकार दिला. संमतीच्या कागदावर सही कुठे करायची, ते दिगंबर यांनी बोट ठेवून दाखवले.