रुखवतातली पृथ्वी

लेकीच्या लग्नात रुखवत मांडायचं ठरलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. टेबलांवर लाडू, करंज्या आणि लोकरीचे ससे मांडायचे, वरपक्षाच्या बायकांनी नाकं मुरडत ते बघायचं, आणि शेवटी सगळं नवरीबरोबर सासरी पाठवून द्यायचं, यात मला कधी गोडी वाटली नाही. पण थोरल्या जाऊबाईंपुढं माझं कधी चाललंय? त्या म्हणाल्या, "रुखवत हुनार." झालं.

तोड लेकीनंच काढली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. म्हणाली, "रुखवतात ग्रहमाला मांडू. सगळे ग्रह लाडवांचे, पण मापात." जाऊबाई खूश. लाडू वळण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या कोल्हापूरच्या कळंब्यात कुणी नाही.

लेक माझी, पण वाढवली जाऊबाईंनी. मी नर्स, माझ्या पाळ्या काही पोरीची वेळ बघून लागायच्या नाहीत. जाऊबाईंना मूलबाळ नाही. त्या खाली राहतात, आम्ही वर, आणि पोरगी जेवायला, निजायला, रुसायलासुद्धा खालीच असायची. त्यांना 'मोठी आई' म्हणते, मला नुसती 'आई'. या 'मोठी'चा मला राग यायचा, आणि लपवू कशाला, अजूनही येतो. आता जावई जर्मनीत नोकरीला. लग्न झालं की लेकही तिकडं जाणार होती. तो विषय निघाला की जाऊबाई उठून चुलीकडं जायच्या. बेसन भाजत बसायच्या.

एके दिवशी लेक कॉलेजातून आली तर परातीत नारळाएवढी पृथ्वी तयार.

"मोठी आई, गुरू फुटबॉलएवढा करायचा तर पृथ्वी बोराएवढीच होणार."

"बोराएवढी? आपली पृथ्वी?" जाऊबाईंनी झारा खाली ठेवला. "लोक म्हनतील, बेसन संपलं वाटतं. बाकीच्यांस्नी एवढं मोठं करायचं आन आपल्या घरात हात आखडता घ्यायचा व्हय?"

"अगं, ती आहेच तेवढी."

"तू गेलतीस मोजाय?"

लेकीला माझा राग आणि जाऊबाईंचा हट्ट, दोन्ही मिळालेत. तिनं तो लाडू चेचून परातीत मोकळा केला. जाऊबाई उठल्या. "मग मला कशाला बशिवलंस? दुकानातनं आन की तुजं गोळं," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी चुलीकडं फिरकल्या नाहीत. लग्न तोंडावर आलेलं. ही बाई अशीच रुसून राहिली आणि पोरगी तशीच विमानात बसली तर?

लेकीनं माळ्यावरून तिच्या वडिलांचा फुटबॉल काढला. आमच्या ह्यांचं पेठेतल्या संघाचं वेड त्या चेंडूत हवा भरून जपलेलं आहे. मग बाजारातून बोरं आणली आणि ती खाली गेली. मी मागोमाग जाऊन जिन्यात थांबले. पोरीनं चेंडू जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवला, दोन्ही बाजूंना पाट उभे केले आणि त्या दोन पाटांच्या मधे चेंडूसमोर बोरांची ओळ लावली. अकरा बोरं बसली.

"हा गुरू. त्याच्या रुंदीत अशा अकरा पृथ्व्या मावतात. शनी याहून थोडा लहान. मग शेवटचे दोन ग्रह कवठाएवढे. शुक्र जवळजवळ आपल्याएवढाच. मंगळ करवंदाएवढा आणि बुध वाटाण्याएवढा."

"आन सूर्य?"

"तो आपल्या दारातनं आत यायचा नाही."

जाऊबाईंनी ओळीतलं एक बोर उचललं. बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. मला वाटलं, आता भिरकावतात.

"ह्येच्यात कोल्लापूर कुटं?"

लेकीनं नखानं जागा दाखवली.

"आन जर्मनी?"

तिनं दुसरी जागा दाखवली. जाऊबाईंनी बोरावर अंगठा ठेवला. दोन्ही खुणा त्याच्याखाली गेल्या.

"म्हंजे हितंच की," त्या म्हणाल्या. "माज्या एका आंगठ्याखाली."

पोरगी त्यांच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, आणि जिन्यात मीही. मग जाऊबाईंनी डोळे पुसले, परात ओढली आणि बोराएवढी पृथ्वी वळली. तिला तिळाएवढीही कमीजास्त होऊ दिली नाही.

लग्नात बुंदीचा गुरू बघायला गर्दी झाली. शनीचं कडं जुन्या चाळणीचं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पण तिसरी ताटली रिकामी दिसली. विहीणबाईंनी विचारलं, "पृथ्वी कुठाय?" जाऊबाई ठसक्यात म्हणाल्या, "ती घरात ठिवलीया. ती न्हाय द्यायची."

लेक गेली. बाकीचे ग्रह तिच्या सासरच्यांनी खाल्ले. पृथ्वी खालच्या फडताळात, स्टीलच्या डबीत आहे. व्हिडिओ कॉल झाला की जाऊबाई फोन ठेवतात आणि मला म्हणतात, "तू जा वर, मी आले." मग फडताळ उघडल्याचा आवाज येतो.

परवा त्या दळण आणायला गेल्या होत्या. मी डबी उघडली. लाडू एका अंगानं दबून चपटा झालाय आणि तिथं अंगठ्याचा खळगा पडलाय. दारात कुणी नाही असं बघून मी त्यात माझा अंगठा ठेवला. नीट बसला. मग गिरणीवरून जाऊबाई परत येईपर्यंत मी तो तिथून काढला नाही.