झेल्यातला मोबाईल

आमच्या घरी मोबाईल आला तेव्हा रेंज आंब्याच्या झाडावर राहत असे.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना मध्येच समुद्राच्या बाजूला उतरलं की आमची वाडी लागते. वर कातळ, खाली खाडी आणि मधल्या खोलगटात आम्ही. मोबाईलच्या टॉवरला आम्ही दिसतच नसू. साधा फोन होता, पण तो पावसाळ्यात भिजल्यामुळे बंद असे आणि उन्हाळ्यात (बहुधा) वाळल्यामुळे.

मोबाईल घेतला तो आमच्या सौ.च्या बचत गटाने. माधवी, शेजारच्या शेवंताकाकी आणि वाडीतल्या आणखी काही बायका मिळून आंबापोळ्या घालायच्या. माल असा की खाणाऱ्याने बोटं चाटावीत. पण खाणार कोण? आम्हीच! आदल्या वर्षी मुंबईच्या एका दुकानाने चौकशीचं पत्र धाडलं. ते वाडीत पोचेपर्यंत त्यांनी दुसरीकडून माल घेऊन विकलासुद्धा. मग पावसाळ्यात पोळ्यांना बुरशी आली. डबे गोठ्यामागे रिकामे करताना शेवंताकाकी रडल्या, आणि माधवीने त्याच दिवशी ठरवलं की गटाचा स्वतःचा फोन पाहिजे.

फोन आला, आणि मी तो ताब्यात घेतला. (मी गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. माझ्या हाताखाली एकच शिक्षक होता, पण मुख्य तो मुख्यच!)

"तंत्रज्ञान आहे हे," मी म्हटलं. "अभ्यास लागतो."

"मग करा अभ्यास," माधवी म्हणाली. "नि आधी रेंज कुठं आहे ती शोधा."

मी शोधायला निघालो. फोन डोक्यावर धरून ओटीवर गेलो, विहिरीच्या काठावर चढलो, गोठ्यात म्हशीच्या पाठीमागे उभा राहिलो. शेवंताकाकींनी कुंपणापलीकडून माधवीला हळूच विचारलं, "गुरुजींना बाहेरचं कायतरी लागलंय काय गो?" शेवटी अंगणातल्या आंब्याला शिडी लावून वर गेलो, आणि पहिल्या फांदीवर बसताच पडद्यावर एक काडी उगवली. आणखी हात वर केला तर दोन!

आता फोन वर राहायला हवा आणि माणसं खाली, हा प्रश्न मी झेल्याने सोडवला. झेला म्हणजे आंबे काढायची आमची काठी. लांब बांबू, टोकाला पातं आणि खाली जाळी. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडतो. आंबा न आपटता खाली येतो, तर फोन न आपटता वर का जाऊ नये? जाळीत मोबाईल ठेवायचा, झेला झाडाला टेकवून उभा करायचा, घंटी वाजली की शिडीवरून वर जाऊन फांदीवर बसून बोलायचं. वाडी बघायला आली. त्या रात्री मी जेवताना दोनदा "विज्ञान" हा शब्द वापरला.

मे महिना सरत आला आणि दादरच्या एका दुकानाच्या मालकीणबाईंना आमच्या आंबापोळीचा तुकडा कुणीतरी चाखवला. त्यांचा निरोप आला : रविवारी दुपारी चारला फोन करते, माल त्याच वेळी ठरवू, नाही उचललात तर दुसऱ्यांशी बोलणं चालू आहेच. गटातल्या सगळ्या बायकांची महिनाभराची मेहनत त्या एका फोनवर येऊन थांबली.

"रविवारी मीच बसते वर," माधवी म्हणाली.

"साडी नेसून झाडावर? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही पंचा नेसून बसता तेव्हा काय म्हणतात?"

तरी रविवारी पावणेचारला मी स्वतः फोन जाळीत ठेवला, झेला उभा केला आणि शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलो. सगळी तयारी चोख! फक्त एकच बारीकसं राहून गेलं. सकाळी त्याच झेल्याने मी आंबे काढले होते, आणि त्यातला एक पिकलेला जाळीतच होता.

तो माझ्या लक्षात नव्हता. माकडाच्या होता.

कौलांवरून खडखड आवाज झाला, फांदी हलली आणि एक दांडगं माकड झेल्याशी आलं. त्याने जाळीत हात घातला, आंबा काढून खाल्ला, बाठा माझ्या टकलावर टाकला आणि मग, जेवणानंतर काही गोड आहे का बघावं तसा, मोबाईल काढला.

"अहो!" माधवी किंचाळली. "फोन!"

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "माकडं नक्कल करतात. टोपीवाल्याची गोष्ट मी मुलांना शिकवतो." मी चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवला, ते घर कानाला लावलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि दाणकन जमिनीवर आपटलं. माकडाने सगळं नीट पाहिलं. फोन कानाला लावला. आणि तो तसाच धरून बसलं!

"झालं?" माधवीने विचारलं. "आता चष्मा कुठला घालणार?"

इतक्यात फोन वाजला. चार वाजले होते! माकड दचकलं, दोन्ही हातांनी बटणं चिवडू लागलं, आणि घंटी थांबली.

"कापला!" माधवीने कपाळावर हात मारला. "मेल्याने फोन कापला!"

तिचा चेहरा मला चष्म्याशिवायही दिसला. मग मात्र मी मागचापुढचा विचार न करता शिडी चढलो. "ए!" मी ओरडलो. "खाली ठेव! मी इथला मुख्याध्यापक आहे!" माकड एक फांदी वर गेलं. मीही गेलो. "तुला कळत नाही? मुख्याध्यापक आहे मी!" ते आणखी एक फांदी वर. मीही. तिथे लाल मुंग्यांचं घर होतं, आणि त्यांनाही माझ्या हुद्द्याची कल्पना नव्हती. त्या पंच्यात शिरल्या. मी जे ओरडलो ते शाळेत कधीच शिकवलेलं नाही. आता वर जाववेना, आणि खाली बघितलं तर शिडी धूसर.

गोंगाट ऐकून शेवंताकाकी धावत आल्या. त्यांनी वर पाहिलं, हात जोडले आणि थेट ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. (हे काम खरं तर पुरुषांचं, पण वाडीतला एक पुरुष झाडावर होता आणि बाकीचे हसत होते.)

"बा देवा म्हाराजा! आज गटाचा फोन माकडाच्या हातात ग्येलाय, तो परत मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्या बायका म्हणाल्या.

"माकडाचं काय चुकलं आसंल तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरुजींचं काय चुकलं आसंल..."

"चुकलंच आहे म्हाराजा!" हा आवाज माधवीचा होता.

एवढं म्हणून ती आत गेली आणि ताटात आंबापोळ्या घेऊन आली. पदर खोचून सरळ शिडी चढली, पहिल्या फांदीशी थांबली आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशी माकडाशी बोलू लागली.

"ये हो बाबा, ये. हापूसची आहे, दुसरा रस नाही त्यात. साखर बेताची. सात उन्हं दाखवलीत. रंग बघ, घातलेला नाही, आंब्याचाच आहे. खाऊन तर बघ! नाही आवडली तर फोन ठेव तुझ्याकडे."

माकड विचारात पडलं. माझ्या डोक्यावर पाय देऊन (हा जवळचा रस्ता होता) ते खाली उतरलं. ताटाशी बसलं. आंबापोळी मोठी होती, तिला दोन हात हवे होते. त्याने फोन ताटात ठेवला, पोळी उचलली आणि कौलांवर जाऊन डोळे मिटून चावत बसलं.

माधवीने फोन हातात घेतला आणि पडद्याकडे निरखून पाहिलं. मग घाबरतच कानाला लावला. "ह... हॅलो?"

फोन कापला गेलाच नव्हता! माकडाने तो उचलला होता! दादरच्या बाई चार वाजल्यापासून सगळं ऐकत होत्या, आणि एकट्याच नव्हे, त्यांनी दुकानातल्या नोकरांनाही जवळ बोलावलं होतं.

"हो बाई... नाही बाई, भांडण नाही... माकड होतं... हो, पोळी घेतली त्याने... हो, फोन टाकून घेतली..." माधवी ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "सगळी पोळी घेणार? सगळ्याजणींची?"

खाली शेवंताकाकी हात जोडूनच उभ्या होत्या. माधवीने वळून मान हलवली, आणि त्या पुन्हा रडल्या. या वेळी मलाही गलबलून आलं, आणि ते मुंग्यांमुळे नव्हतं.

पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. माधवी हसू दाबत म्हणाली, "काय म्हणालात? हो, हो, विचारा ना."

मग तिने माझ्याकडे वर पाहिलं.

"बाई विचारतायत, पहिलं माकड उतरलं ते कळलं. पण ते दुसरं, जे सारखं 'मी मुख्याध्यापक, मी मुख्याध्यापक' ओरडत होतं, ते उतरलं का?"

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. मी फांदीला मिठी मारून बसलो होतो.

"नाही हो, ते अजून वरच आहे," माधवी फोनमध्ये म्हणाली. "थांबा, त्यालाही आंबापोळी दाखवून बघते."

तिने ताट वर केलं. सांगायला लाज वाटते, पण मी त्या माकडापेक्षा लवकर उतरलो.