तणमोराचं पडीत

"आधी पाय वाजव, मंग इळा लाव." गवत कापायला कोणीही आलं की मनकर्णाबाई हेच सांगायची. पिंपळगाव राजाच्या शिवारात चहूकडे सोयाबीन झालं, तरी तिनं आपलं दोन एकर पडीत गवताला सोडलेलं. गवतात साप असतो, पावलाचा आवाज ऐकून तो वाट देतो, हे तिचं साठ वर्षांचं शास्त्र.

यंदा ते गवत तिनं शेजारच्या उकंडरावाला कबूल केलं होतं. त्याच्या चार म्हशी, आणि तिच्या वावराची नांगरणी त्याच्याच ट्रॅक्टरवर. दिलेला शब्द फिरवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी ती अंदाज घ्यायला गवतात शिरली, पाय वाजवला, आणि पुढ्यातून एक मातकट पाखरू भुर्रकन उडालं. खाली उघड्या मातीवर चार अंडी. ती जागीच थबकली. तोच पलीकडच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला, पुरुषभर उंच, हवेत क्षणभर अडकल्यासारखा, आणि पुन्हा गवतात बुडाला. डोक्यामागे रिबिनीसारखी पिसं. पुन्हा उसळला. पुन्हा.

तणमोर. लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिला होता. त्यानंतर आजच.

वनरक्षक धम्मशीला मागे गावात येऊन सांगून गेली होती, की साऱ्या देशात हे पाखरू आता काही शेकड्यांतच उरलंय. माळावरचं गवत गेलं, तसं तेही गेलं. मनकर्णाबाईला तेव्हा ते कुठल्यातरी लांबच्या मुलखाचं वाटलं होतं.

उकंडराव विळा घेऊन आला तेव्हा ती बांधावर आडवी उभी. गवतात तणमोराची अंडी हायेत, आता कापू नको, म्हणाली. पाखरापायी शब्द फिरवते म्हणून तो आधी हसला, मग चिडला. पुढच्या साली ट्रॅक्टर मागू नको, असंही म्हणाला. तिनं हात धरून त्याला खाली बसवलं.

"तुह्या म्हशी दुसऱ्या बांधावरचं खातीन, बाप्पा. ह्याले दुसरा बांधच नाही राह्यला."

तेवढ्यात गवतातून तणमोर उसळला. उकंडरावाचं तोंड उघडंच राहिलं. सात उड्या त्यानं बोटांवर मोजल्या.

"किती दिस, काकू?"

"पिल्लं पायावर चालतीन तवरोक. महिनाभर."

तोवर गवत निबर होईल, म्हशी तोंड फिरवतील, असं पुटपुटत त्यानं विळा पिशवीत घातला. ट्रॅक्टरचं मात्र काही बोलला नाही. तिनंही विचारलं नाही.

मनकर्णाबाई उठली. चपला हातात घेतल्या आणि पडीताच्या कडेकडेनं घराकडे निघाली, साठ वर्षांत पहिल्यांदाच पाय न वाजवता. तिच्यामागे गवत मिटत गेलं, आणि उकंडराव बांधावरून बघत राहिला.