आता डबा उघडला

शाहूवाडीहून परतीच्या एसटीत एक बाई रोज माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि एकटीच मोठ्यांदा बोलायची, "आता चप्पल काढली. आता डबा उघडला. आता भाकरी मोडली."

मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय. एकदा न राहवून विचारलंच.

"येडी न्हाय, पावणं," ती हसली. "अंगणवाडीच्या कामानं डोंगरातल्या धनगरवाड्यांवर जाते. काही पोरं उशिरा बोलत्यात. आयांस्नी सांगते, काम करताना पोराशी असंच बोलत ऱ्हावा, त्यानं उत्तर दिलं न्हाय तरी. दाखवून दाखवून मलाच सवय लागलीया."

"घरीपण असंच बोलता?"

"व्हय की. तिथं तरी उत्तर द्यायला कोण हाय?"

त्या संध्याकाळी मी माझ्या रिकाम्या घराचं कुलूप काढलं. जरा घुटमळलो. मग म्हणालो, "आता दिवा लावला."