ओवाळून झालं

त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. बुऱ्हाणपूरला पक्षाची सभा होती आणि नेत्यांना ओवाळायला आम्हा दोघींना मंचावर उभं केलं होतं. मीही इतकी वर्षं ताटच धरत आले होते. त्या बाई निंबोला गावाहून दोन गाड्या भरून बाया घेऊन आल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून ताटावर आडवा धरलेला तळहात.

नेते आले. बाईंनी टिळा लावला, ओवाळलं. यानंतर आम्ही खाली उतरायचं असतं. त्या उतरल्याच नाहीत! ताट सरळ नेत्यांपुढच्या टेबलावर ठेवलं आणि माइक हातात घेतला.

"साहेब, ओवाळून झालं. आता तिकिटाचं बोला. बीस सालांपासून तुमच्या सभेला बाया गोळा करून आणते मी. या टाइमाला विधानसभेचं तिकीट मला पाहिजे, बस!"

मंडपातल्या बाया टाळ्या वाजवत उठल्याच.

"ताई, त्यांना खाली घेऊन जा," जिल्हाध्यक्ष माझ्या कानाशी पुटपुटले.

मी माझं ताट, तेवत्या दिव्यासकट, त्यांच्याच हातात दिलं आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले.