करडईचं तेल आणि नानांची रायफल

जावयानं सासुरवाडीत कोणत्याही यंत्राला हात लावू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. (पूर्वी मत नव्हतं, नुसता उत्साह होता.)

माझे सासरे, म्हणजे नाना, फौजेतून निवृत्त झालेले. भूमच्या पुढं त्यांचं गाव. रानडुकरांसाठी म्हणून त्यांच्याकडं परवान्याची जुनी बोल्टची रायफल आहे. आजवर तिनं एकही डुक्कर मारलेलं नाही, पण नाना तिला नातवंडांपेक्षा जास्त जपतात. खंडेनवमीला कोयते, नांगर, ट्रॅक्टर यांच्या शेजारी तिचीही पूजा होते, आणि त्याआधी नाना स्वतः तिची साफसफाई करतात. त्या दिवशी ते झेंडूची फुलं आणायला भूमला गेले होते. मी रिकामा होतो. मोबाइलवर रायफल साफ करण्याचा व्हिडिओ होता. आणखी काय पाहिजे!

बोल्ट म्हणजे नळीच्या मागचा मुठीचा दांडा. तो उचलून मागं ओढला की रायफल उघडते. मी उघडली, आत गोळी नाही हे पाहिलं (एवढी अक्कल होती), आणि धोतराच्या चिंधीनं सगळं लख्ख पुसलं. राहिलं वंगण. नानांची तेलाची बारकी बाटली काही सापडेना. मी सासूबाईंना हाक मारली.

"मामी, चांगलं तेल आहे का घरात?"

"हाय की! घाण्याचं करडईचं. माजं गुडघं त्येच्यावरच चालत्यात. किती दिऊ?"

सासूबाईंचे गुडघे ज्यावर चालतात, त्यावर बोल्ट का चालणार नाही? व्हिडिओतला माणूस 'थेंबभर' म्हणत होता. मी वाटीभर ओतलं. जावयानं हात आखडता घेतला, असं कुणी म्हणायला नको!

नाना आले. रायफल हातात घेतली, वास घेतला आणि मटकन बाजेवर बसले. उभ्या आयुष्यात ते कुणाला भ्यालेले नाहीत, पण समोर जावई, त्यात सणाचा दिवस.

"लई झ्याक केलंत, पाहुणं," ते कसंबसं म्हणाले.

मग सासूबाईंनी त्या उघड्या, तेलकट बोल्टवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला आणि पूजा झाल्यावर मी बोल्ट पुढं ढकलून बंद केला. सगळं फार छान चिकटलं.

बायकोनं नंतर सांगितलं, की मी गेल्यावर गुपचूप रायफल पुसून काढायची, असा नानांचा बेत होता. जावयाच्या देखत त्याचं काम पुन्हा करणं म्हणजे त्याचा अपमान! पण पुरणपोळ्यांवर खूश होऊन मी रजा वाढवली. तिकडं तेल घट्ट होत गेलं आणि इकडं पाहुणा हलेना.

तेवढ्यात निरोप आला: निवडणूक लागली आहे, परवान्याची हत्यारं उद्याच पोलीस ठाण्यात जमा करा.

"मी येतो सोबत, नाना!" मी म्हणालो. नानांनी रायफल माझ्यापासून लांबच्या खांद्याला लावली.

ठाण्यात हवालदार म्हणाले, "नाना, बोल्ट उघडून दावा. मोकळी हाय न्हवं?"

"मोकळीच हाय की."

नानांनी ओढला. हलेना! मी ओढला. हवालदारांनी टेबलाला पाय लावून ओढला. करडईच्या तेलात हळद, कुंकू आणि तांदूळ कालवून उन्हाळ्यासारख्या उकाड्यात ठेवलं, की त्याचं खिडकीच्या काचा बसवायचं लुकण होतं, हे मला कुठल्याच व्हिडिओनं सांगितलं नव्हतं.

"आत गोळी अटकली आसंल तर?" कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"नळी भिंतीकडं करा आधी!" फौजदारसाहेब कपाटामागून ओरडले. मग जरा बाहेर येऊन म्हणाले, "नाना, फौजी माणूस तुम्ही, आणि हत्यार असं ठेवता? परवाना रद्द करा म्हणून लिहावं लागेल मला."

नानांचा चेहरा उतरला. आता हे माझ्याकडं बोट दाखवणार, म्हणून मी डोळे मिटले.

"चुकी झाली, साहेब," नाना हळूच म्हणाले. "म्याच लावलं त्याल. वय झालं आता."

मला एकदम भरून आलं. हा माणूस जावयाची अब्रू राखायला स्वतःची रायफल घालवायला निघाला होता!

"साहेब, तेल मी लावलंय!"

"आपण कोण?"

"जावई."

साहेबांचा आवाजच बदलला. "आरं, पाहुण्यांना खुर्ची द्या! चहा सांगा!"

मग जीपमधलं थोडं डिझेल आलं. नानांनी ते बोल्टवर सोडलं, वाट पाहिली, मुठीवर तळहातानं हलकेच ठोकलं. मी मदतीला हात पुढं केला, तो त्यांनी प्रेमानं बाजूला सारला. खटॅक! बोल्ट उघडला. आतून गोळी नाही, झेंडूची एक पाकळी आणि चार अक्षता पडल्या. ठाणं हसून हसून लोळलं, साहेबसुद्धा.

"परवान्याला काही होत नाही, नाना. द्या इकडं, जमा करून घेतो."

नानांनी रायफल दिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर मनातलं बोलले.

"साहेब, येक इनंती हाय. विलेक्शन हुईस्तवर ह्यास्नी बी हितंच जमा करून घेता का?"

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"नाही जमणार, नाना. आम्ही फक्त परवाना असलेलीच हत्यारं ठेवून घेतो!"