विशूभाऊची बाराखडी

"मशीन बंद करून झोपले, ते उठलेच न्हाईत." सुमनवहिनींनी लातूरहून फोनवर एवढंच सांगितलं आणि मी इथे नांदेडला ओट्यावर बसलो. विश्वनाथ, आमचा विशूभाऊ, माझा शाळेपासूनचा दोस्त... रडू आलंच. पण रडता रडता मनात आलं, गड्या, बंद करून गेलास म्हणजे चालू होतं की! तेवढं करून दाखवलंस.

लातुरात डाळ मिलच्या रस्त्याला त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यातली मराठी अक्षरं याला पसंत पडेनात, म्हणून या पठ्ठ्याने चौकटीच्या कागदावर ठिपक्याला ठिपका जोडून स्वतःची अख्खी बाराखडी बसवली. त्याच्या 'ळ'चं पोट जरा सुटलेलं, मालकासारखंच. अक्षरं कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर राहायची, पण हे मशीन उठवायला आधी एक फ्लॉपी घालावी लागे. ती फ्लॉपी गेली एका दसऱ्याला. वहिनींनी पूजा मांडली आणि सगळं यथासांग व्हावं म्हणून फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीवरच हळदकुंकू लावलं. जपून ठेवलेली नक्कलही त्याच ताटात होती, तिलाही तोच मान मिळाला. विशूभाऊने कपाळाला हात लावला. भक्तीवर ओरडणार तरी कसं? मशीन माळ्यावर गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं.

यंदा नातीचं लग्न ठरलं आणि गृहस्थ हटून बसले, पत्रिका निघेल तर माझ्याच अक्षरात. घरचे म्हणाले, मोबाइलवर पाठवू. याने जेवण सोडलं. मग मला फोन, "ये बाबा, लई अडलंय." मी लॅपटॉप आणि मागवलेला फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन एसटीत बसलो. जुन्या मशीनच्या वेड्यांनी त्या सुरुवातीच्या फ्लॉपीची नक्कल इंटरनेटवर जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे, ती मी उतरवून घेतली होती. घोडं अडलं कोऱ्या फ्लॉपीपाशी. त्याच्याकडच्या साऱ्या बुरशीने खाल्लेल्या, एकीवरही काही लिहिलं जाईना. मी हात टेकले. विशूभाऊने मात्र एक फ्लॉपी उकलली, आतली पातळ चकती साबणाच्या पाण्यात बोटाने हलकेच चोळली, जुन्या धोतराच्या फडक्याने टिपली आणि सुपात सावलीला वाळत घातली. वहिनी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "मी कुंकू लावलं तर महिनाभर अबोला, अन् आता हे आंघोळ घालून राहिले!"

चकती पुन्हा कवचात बसवली आणि लिहायला घेतली. पहिल्यांदा फिसकटलं, दुसऱ्यांदा लिहिली गेली. माळ्यावरून उतरवलेल्या मशीनमध्ये सारली. कर्र कर्र आवाज झाला, मग शांतता... पडदा काळाच. विशूभाऊने माझं मनगट असं धरलं की अजून दुखतं. आणि उजळला की पडदा! त्याने एका बोटाने 'श्री' टंकली, प्रिंटर किरकिरला आणि कागदावर 'श्री' उतरली. म्हातारा छापखान्यात नाचला, खोटं नाही सांगत. लग्नाच्या मांडवात लोक पत्रिका उलटून पालटून बघत होते आणि हा नवरदेवापेक्षा ताठ मानेने हिंडत होता. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

परवा दसऱ्याला मी लातूरला गेलो. तो गेल्यानंतरचा पहिलाच सण. पूजेचं ताट आलं तेव्हा नात्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, यंदा कुंकू सुनेच्या हातून लावू. वहिनी जागच्या उठल्या. "त्यांच्या मशीनला मीच लावणार." त्यांनी आधी फ्लॉपी बाहेर काढली, स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. मग मशीनला हळदकुंकू लावलं. बोटाला उरलेलं कुंकू क्षणभर बघितलं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या कपाळाला लावलं. पदराला हात नीट पुसून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, आता घाला फ्लॉपी."